यमुनेकाठचे अलेक्झांड्रिया

सन १८८१ मध्ये दोन घटना घडल्या. १ फेब्रुवारीला जुन्या दिल्लीत, चांदणी चौकालगतच्या किनारी बाजारातील एका घरात, तीन अध्यापक आणि पाच विद्यार्थी एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये 'नव्या करारा'च्या मूळ ग्रीक संहितेची एक चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. वेस्टकॉट आणि हॉर्ट या दोन पंडितांनी तिच्यासाठी अठ्ठावीस वर्षे खर्ची घातली होती. एक घटना गोट्याकिनारीच्या दुकानांच्या गर्दीत घडली, तर दुसरी केंब्रिजच्या ग्रंथालयात. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध दिसत नाही. वस्तुतः दोहोंच्या मागे एकच मनुष्य उभा होता. त्याचे नाव ब्रूक फॉस वेस्टकॉट.

वेस्टकॉट १८७० पासून केंब्रिज विद्यापीठात ईश्वरशास्त्राचे प्राध्यापक होते. बायबलची जुनी हस्तलिखिते ताडून पाहणे आणि पाठभेदांचा निवाडा करणे, हा त्यांचा जन्माचा व्यासंग. परंतु त्यांच्या अभ्यासिकेत बायबल एकटे नव्हते. पाश्चात्त्य धर्मविचाराच्या इतिहासावरील त्यांचा निबंधसंग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्लेटोच्या कथांवर एक निबंध आहे, ग्रीक नाटककार एस्किलस व युरिपिडीस यांच्यावर एकेक आहे आणि समकालीन कवी ब्राउनिंग याच्यावरही एक आहे. धर्मग्रंथ आणि अभिजात वाङ्मय यांना एकाच बैठकीत बसवावे, एकाच्या उजेडात दुसऱ्याकडे पाहावे, अशी त्यांची अभ्यासाची रीत होती.

या रीतीचा आदर्श त्यांना प्राचीन अलेक्झांड्रिया नगरीत दिसला. नाईल नदीच्या मुखाजवळचे हे शहर म्हणजे ग्रीक विद्येचे माहेरघर. येथेच ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात यहुद्यांच्या हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. येथेच फायलो या यहुदी तत्त्वज्ञाने मोझेस आणि प्लेटो यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. पुढे क्लेमंट आणि ऑरिजेन या ख्रिस्ती आचार्यांनी ग्रीक तत्त्वज्ञानाला शत्रू न मानता पूर्वतयारी मानले. हिब्रू मूळ आणि ग्रीक भाषांतरे सहा रकान्यांत शेजारी शेजारी मांडणारा प्रचंड ग्रंथ ऑरिजेनने सिद्ध केला, तो याच परंपरेतून. असे अलेक्झांड्रिया हिंदुस्थानात पुन्हा निर्माण व्हावे, असे वेस्टकॉट यांना वाटे. ग्रीकांनी ज्याप्रमाणे आपल्या तत्त्वज्ञानाच्या भिंगातून ख्रिस्ताकडे पाहिले, त्याप्रमाणे हिंदी मन आपल्या दर्शनांच्या भिंगातून पाहील आणि युरोपला न दिसलेला अर्थ त्याला दिसेल, अशी त्यांची श्रद्धा होती. १८७३ सालच्या एका पुस्तकात त्यांनी विद्यापीठांच्या धार्मिक कर्तव्याविषयी लिहिले, आणि १८७७ साली त्यांच्या प्रेरणेने केंब्रिजच्या तरुणांचे एक मंडळ दिल्लीला निघाले. त्यालाच पुढे 'केंब्रिज मिशन टु दिल्ली' हे नाव मिळाले.

हे तरुण ज्या दिल्लीत उतरले, तिला हा विषय नवखा नव्हता. उलट तो तिच्या अंगावरील ताजी जखम होता. १८५७ पूर्वीच्या दिल्ली कॉलेजात अरबी-फारसीच्या बरोबरीने पाश्चात्त्य विद्या शिकविल्या जात, आणि त्यासाठी उर्दूत भाषांतरे होत. तेथील गणिताचे नामांकित अध्यापक मास्टर रामचंद्र आणि शहरातील डॉक्टर चिमणलाल यांनी १८५२ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा साऱ्या दिल्लीत खळबळ उडाली. नवी विद्या म्हणजे धर्मांतराचा पाणंद रस्ता, अशी लोकांची समजूत झाली. पाच वर्षांनी उठाव झाला, त्यात चिमणलाल मारले गेले; रामचंद्र कसेबसे बचावले. पुढे कॉलेज पुन्हा उघडले, पण १८७७ साली सरकारने ते बंद केले आणि उच्च शिक्षणासाठी दिल्लीच्या मुलांना लाहोरचा रस्ता धरावा लागला. सेंट स्टीफन्स कॉलेज ही उणीव भरून काढण्यास पुढे आले. मिशनला अलेक्झांड्रिया हवे होते. दिल्लीकरांना पदवी हवी होती. या दोन गरजांच्या सांध्यावर ते कॉलेज उभे राहिले.

सरकारी धोरणाची बाजूही येथे लक्षात घेतली पाहिजे. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सरकारी शाळा-महाविद्यालयांत धर्मशिक्षण नसावे, असे ठरविले होते. बायबल ग्रंथालयात ठेवलेले असे. ज्याला वाचावयाचे त्याने ते आपण होऊन वाचावे, एवढीच मुभा. पण पदवी-परीक्षेच्या इंग्रजी विषयात शेक्सपिअर होता आणि मिल्टनही होता. आता, आदाम आणि हव्वा कोण, सर्प कोण, निषिद्ध फळ कोणते, हे ठाऊक नसता मिल्टनचे महाकाव्य वाचावे कसे? म्हणजे जो ग्रंथ समोरच्या दाराने वर्गात येऊ शकत नव्हता, तो वाङ्मयाचे बोट धरून मागील दाराने येत होता. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासाचा जन्म आणि साम्राज्याचे राजकारण यांचा हा संबंध गौरी विश्वनाथन यांनी आपल्या १९८९ सालच्या ग्रंथात सविस्तर उलगडून दाखविला आहे.

मिशनच्या कॉलेजात या आडवाटेची गरज नव्हती. तेथे बायबलचा स्वतंत्र तास असे. हिंदू, मुसलमान, जैन मुले त्या तासाला बसत, आणि पुढच्या तासाला युरोपीय इतिहास किंवा इंग्रजी काव्य ऐकत. अपेक्षा अशी होती की, या दोन तासांच्या संगतीतून काही निष्पन्न होईल. निष्पन्न झालेही, परंतु अपेक्षिले होते ते नव्हे. धर्मांतरे थोडी झाली. ख्रिस्ताविषयी आदर बाळगणारे आणि तरीही आपल्या ठिकाणी दृढ राहिलेले पदवीधर मात्र वर्षानुवर्षे बाहेर पडत गेले. पुढे 'गदर' चळवळीचे धुरीण झालेले लाला हरदयाळ याच कॉलेजचे विद्यार्थी. ज्या पुस्तकात दुर्बलांच्या सुटकेची आणि जुलमी राजांच्या पतनाची कथा पानोपानी आहे, ते पुस्तक परक्या सत्तेखालील मुलांच्या हाती देताना त्यातून ते काय घेतील, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

या स्वप्नाची किंमत वेस्टकॉट यांच्या घरानेही मोजली. त्यांचे अनेक मुलगे धर्मकार्यासाठी हिंदुस्थानात आले. जॉर्ज वेस्टकॉट पुढे लखनौचे बिशप झाले. त्यांनी १९०७ साली कबीर आणि कबीरपंथ यांवर ग्रंथ लिहिला. फॉस वेस्टकॉट कलकत्त्याचे बिशप झाले. धाकटा बेझिल दिल्लीच्या मिशनमध्ये आला आणि १९०० साली पटकीने वारला. पुढच्याच वर्षी पित्याचाही अंत झाला. बेझिलची रिकामी जागा आपण भरून काढावी, असा निश्चय केंब्रिजमधील त्याच्या एका मित्राने केला. तो मित्र म्हणजे चार्ल्स फ्रीअर अँड्रूज, ज्यांना पुढे हिंदुस्थान 'दीनबंधू' म्हणून ओळखू लागला.

अँड्रूज मार्च १९०४ मध्ये दिल्लीत आले. ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि ईश्वरशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी केंब्रिजला प्रथम श्रेणी मिळविली होती. म्हणजे वेस्टकॉट यांना हवा तसा अध्यापक, जणू मापाने घडविलेला. पण दिल्लीत त्यांना दोन माणसे भेटली आणि शिकविण्याची दिशा उलटी फिरली. एक म्हणजे दिल्ली कॉलेजच्या जुन्या पिढीतील इतिहासकार मौलवी झकाउल्ला. या वृद्ध विद्वानाच्या सहवासात अँड्रूज यांना इस्लामी सुसंस्कृततेचे दर्शन घडले. १९२९ साली त्यांनी झकाउल्लांचे चरित्र लिहून ते ऋण फेडले. दुसरे म्हणजे सुशील कुमार रुद्र, बंगाली ख्रिस्ती घराण्यातील, कॉलेजचे उपप्राचार्य. १९०६ साली प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा हिंदी माणसाच्या हाती कॉलेज द्यावे की नाही, याची चर्चा सुरू झाली. अँड्रूज यांनी ते पद स्वतः घेण्याचे नाकारले आणि रुद्र यांच्यासाठी आग्रह धरला. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. हिंदी मन बायबलचा नवा अर्थ लावील असे म्हणणाऱ्यांनी हिंदी माणसाच्या खुर्चीखाली बसण्याची तयारी ठेवली आहे की नाही, याची ती कसोटी होती.

रुद्र १९२३ पर्यंत प्राचार्य होते. १९१५ साली गांधीजी दिल्लीत आले ते रुद्र यांच्याच घरी उतरले. खिलाफतीच्या मागणीला मूर्त रूप देणारे व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेले आपले अनावृत पत्र याच घरात तयार झाले, ही गोष्ट गांधीजींनी १९२५ साली रुद्र यांच्या निधनानंतर कृतज्ञतेने नमूद केली. अँड्रूज मात्र १९१४ सालीच दिल्ली सोडून शांतिनिकेतनात रवींद्रनाथांकडे गेले होते, आणि धर्मोपदेशकाचे अधिकारही त्यांनी त्याच सुमारास बाजूला ठेवले. ख्रिस्तावरील त्यांची भक्ती उणावली नव्हती. पण पंथाने ठरवून दिलेली श्रद्धासूत्रे म्हणणे त्यांना जड जाऊ लागले होते. वेस्टकॉट यांच्या कल्पनेतील अलेक्झांड्रिया यमुनेकाठी उभे राहिलेच असेल, तर त्याने पहिला बदल घडवून आणला तो शिष्यांत नव्हे, गुरूत.

मराठी मुलखाला या प्रसंगात आपल्या ओळखीचे काही दिसेल. दिल्लीच्या अडीच शतके आधी गोमंतकात हा प्रयोग होऊन गेला होता. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. जुन्या-नव्या कराराची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगणारा हा ग्रंथ नावानेही पुराण आहे आणि घाटानेही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम केरी यांनी श्रीरामपूरच्या छापखान्यात वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने बायबल मराठीत आणण्यास प्रारंभ केला. आणि पुढे पंडिता रमाबाई! संस्कृत विद्येत वाढलेली ही विदुषी इंग्लंडात ख्रिस्ती झाली, पण गुरुस्थानी असलेल्या इंग्रज भगिनींशीही धर्ममतांविषयी तिने निर्भयपणे वाद घातला. अखेरच्या वर्षांत केडगावच्या मुक्ती सदनात बसून तिने हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात केल्या आणि मूळ संहितांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. १९२२ साली तिचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठाची पदवी नाही, तासिका नाहीत, परीक्षक नाहीत. पण अभ्यासाची जी शिस्त वेस्टकॉट केंब्रिजमध्ये शिकवीत होते, तीच येथे एका मराठी स्त्रीने स्वबळावर पाळलेली दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बायबल आणि अभिजात पाश्चात्त्य वाङ्मय ही दोन्ही एकत्र वाचल्याने हाती काय लागते? याचे एक उत्तर एरिक आउअरबाख या जर्मन पंडिताने दिले. नाझींमुळे देशांतर करावे लागलेल्या या यहुदी अभ्यासकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूल येथे लिहिलेला त्याचा ग्रंथ १९४६ साली निघाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात दोन प्रसंग समोरासमोर ठेवलेले आहेत. एक होमरचा. वीस वर्षांनी वेषांतर करून घरी आलेल्या ओडिसिअसचे पाय धुताना म्हातारी दाई त्याच्या पायावरचा व्रण ओळखते. त्या क्षणी कवी थांबतो आणि रानडुकराच्या शिकारीत तो व्रण कसा पडला, याची साद्यंत हकीकत सांगतो. सारे लख्ख उजेडात, काहीही अंधारात नाही. दुसरा प्रसंग अब्राहामाचा. देव त्याला एकुलत्या मुलाचा बळी मागतो. तो पहाटे उठतो, तीन दिवस चालतो. वाटेत मुलगा विचारतो, होमासाठी कोकरू कोठे आहे? बापाच्या मनात काय चालले आहे, याविषयी कथेत एक अक्षर नाही. न सांगितलेल्या गोष्टींचा भार प्रत्येक वाक्यावर आहे. युरोपच्या वाङ्मयाला वास्तव रंगविण्याच्या या दोन्ही रीती वारशाने मिळाल्या, असे आउअरबाखचे प्रतिपादन आहे.

मराठी वाचक या जोडीला तिसरी कथा सहज आणून ठेवील. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'मुळे घरोघरी पोचलेली श्रियाळ-चांगुणा आणि चिलया बाळाची कथा तीच कसोटी मांडते: देव अतिथी होऊन येतो आणि पोटचा मुलगा मागतो. पण येथे आई आहे. बायबलच्या त्या कथेत साराचा शब्दही ऐकू येत नाही. चांगुणेच्या उखळाशी मात्र सारा महाराष्ट्र रडला आहे. अब्राहामाचा हात शेवटच्या क्षणी थांबविला जातो. चांगुणेचा थांबविला जात नाही, बाळ नंतर परत मिळतो. भक्तीची परीक्षा कोठवर जावी, तिचे दुःख बोलून दाखवावे की गिळावे, याची दोन समाजांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

ईयोबाचे पुस्तक असेच. सज्जन ईयोबाची गुरेढोरे, मुलेबाळे आणि शरीरस्वास्थ्य हिरावून घेतले जाते, कारण त्याच्या नकळत स्वर्गात एक पैज लागलेली आहे. हे ऐकताच हरिश्चंद्राची आठवण होते. पण हरिश्चंद्र डोंबाघरी पाणी भरतो आणि सत्य सोडीत नाही. ईयोब देवाला जाब विचारतो. मित्र त्याची समजूत घालतात की, तुझ्या हातून पाप घडलेच असले पाहिजे. आपल्याकडील शेजारीपाजारीही प्राक्तनाचे नाव घेऊन हेच म्हणाले असते. आश्चर्य असे की, ग्रंथाच्या शेवटी देवाचा रोष होतो तो या मित्रांवर. वाद घालणाऱ्या ईयोबावर नव्हे. त्याच्या शेजारी एस्किलसच्या नावावर असलेले खडकाला जखडलेल्या प्रॉमिथिअसचे नाटक ठेवावे, म्हणजे निरपराध्याच्या दुःखाचा प्रश्न तीन संस्कृतींनी कसा हाताळला, हे एका दृष्टिक्षेपात कळते. तुलनेचे हे काम कोणत्याही एका धर्माच्या पाठशाळेत होणे कठीण. त्याला विद्यापीठच पाहिजे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतो, आणि दोन्ही आक्षेप गंभीर आहेत. श्रद्धावान म्हणतो: ज्या वचनांवर मी जगतो आणि मरतो, त्यांना तुम्ही कथनशैलीचे नमुने करून टाकता. अन्यधर्मीय पालक म्हणतो: वाङ्मयाचे निमित्त करून तुम्ही धर्मच शिकविता. दिल्लीच्या इतिहासात दुसऱ्या आक्षेपासाठी रक्त सांडलेले आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने यावर तोड काढली. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते कोणावर संमतीवाचून लादता येत नाही. परंतु एखाद्या धर्माचे आचार-उपासना शिकविणे आणि धर्मांचा ज्ञानविषय म्हणून अभ्यास करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीस घटनेची आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात स्पष्ट केले.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर न्यायालय देऊ शकत नाही. ते वर्गातच द्यावे लागते, आणि ते अध्यापकाच्या जिभेवर अवलंबून असते. ज्ञानेश्वरी एम.ए.च्या वर्गात शिकविणाऱ्या प्रत्येक मराठी प्राध्यापकाला ही जबाबदारी परिचित आहे. समोरच्या बाकावर एखादा वारकऱ्याचा मुलगा असतो आणि त्याच्याजवळ कदाचित मुसलमान मुलगी असते. अलंकार दाखवावे लागतात, पाठभेद सांगावे लागतात, पण पहिल्याच्या मनातील देव्हारा हलता कामा नये आणि दुसरीला आपण परक्या देवळात शिरलो असे वाटता कामा नये. बायबल शिकवितानाही नियम तोच. आदर आणि चिकित्सा यांपैकी एकीचा बळी दिला, तर अभ्यास तरी बुडतो किंवा माणूस तरी दुखावतो.

१९२२ साली दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस ही तीन कॉलेजे त्याचा पाया होती. मिशनचे कॉलेज आणि हिंदू गृहस्थांनी चालविलेली कॉलेजे एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आली. तेथून पुढे कोणते पुस्तक का वाचावयाचे, हे मिशनच्या इच्छेवर राहिले नाही. ते विद्वत्सभेत ठरू लागले. विद्यापीठ अनुदान मंडळाने २०१५ साली इंग्रजीच्या सन्मान पदवीसाठी जो नमुना अभ्यासक्रम आखला, त्यात होमर आणि सोफोक्लीस यांचा समावेश आहेच. शिवाय मिल्टन असलेल्या प्रश्नपत्रिकेच्या पूरक वाचनात 'उत्पत्ती'चे पहिले चार अध्याय आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील काही अध्याय नेमलेले होते. त्याच अभ्यासक्रमात व्यास, कालिदास आणि शूद्रकही होते.

किनारी बाजारातील त्या घरात १८८१ साली जे शिकविण्यास प्रारंभ झाला, त्यातील आज्ञेचा स्वर काळाच्या ओघात गळून गेला आणि अभ्यास उरला. वेस्टकॉट यांना हवे होते त्याहून हे कमी आहे, असे त्यांच्या पंथाचा मनुष्य म्हणेल. परंतु ज्या शहरात एका पुस्तकाच्या नावाने एकदा माणसे मारली गेली, त्याच शहरात सर्व धर्मांची मुले तेच पुस्तक होमर आणि व्यास यांच्या शेजारी ठेवून निर्भयपणे वाचू शकतात, ही विद्येने मिळविलेली काही लहान मिळकत नव्हे. ती टिकविण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीच्या शिक्षकाला नव्याने करावे लागणार आहे.